गिरणगावाची जमीन आणि बदलापूरची लोकल

2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राच्या 35 जिल्ह्यांपैकी फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात 2001 साली 33 लाख 38 हजार माणसे राहत होती, 2011 साली 30 लाख 85 हजार उरली. रत्नागिरी जवळपास 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्ग 8 लाख 69 हजारांवरून साडेआठ लाखांवर. त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. 2021ची जनगणना झाली नाही, त्यामुळे शहराच्या भवितव्याविषयी बोलायला बसलो की अजूनही याच आकड्यांपाशी यावे लागते.

आज महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. सकाळी हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातील, शिवाजी पार्कवर संचलन होईल. ते व्हायलाच हवे. पण ज्या मुंबईसाठी माणसे गोळ्यांना सामोरी गेली, ती मुंबई कोणत्या बळावर उभी राहिली आणि पुढे कोणत्या बळावर उभी राहणार आहे, याचा हिशेबही याच दिवशी मांडला पाहिजे. त्या हिशेबाची सुरुवात या तीन जिल्ह्यांपासून होते. दीडशे वर्षे कोकणाने माणसे पाठवली आणि मुंबईने मनीऑर्डरी. आता दोन्ही टोके एकाच वेळी ओसरू लागली आहेत. 2011च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या आणि मुंबई शहरात 832. एका जिल्ह्यातली पुरुषांची उणीव आणि दुसऱ्या जिल्ह्यातली बायकांची उणीव या शेजारी शेजारी ठेवल्या, की मुंबईची अर्थव्यवस्था कशी चालत आली ते वेगळे सांगावे लागत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वाद भूगोलाचाच होता. मुंबई आमच्या भांडवलाने उभी राहिली, ती वेगळी ठेवा, असे एका बाजूचे म्हणणे होते. 1956च्या जानेवारीत ती केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणाही झाली. त्या महिन्यात गिरगाव-लालबागच्या रस्त्यांवर गोळीबारात काय घडले, हे तिथल्या जुन्या घरांतून आजही सांगितले जाते. पण या वादाचे सर्वांत नेमके उत्तर त्याआधी आठ वर्षे देऊन झाले होते. 1948 साली भाषावार प्रांत आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले, की मुंबईला लागणारे पाणी आणि वीज महाराष्ट्रातून येते, तेव्हा तिला महाराष्ट्रापासून तोडणे म्हणजे तिचेच आर्थिक जीवन धोक्यात घालणे होय. हे लिहिणारा माणूस परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षे राहिलेला होता आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्याने घर बांधले होते. शहर कशावर चालते हे बाबासाहेबांनी चाळीच्या गॅलरीतून पाहिले होते.

त्या युक्तिवादाचा गाभा भूगोलात आहे. सात बेटांना निसर्गाने एकच खरी देणगी दिली. पूर्वेच्या बाजूला खोल आणि वाऱ्या-लाटांपासून सुरक्षित बंदर. बाकी सगळे दलदल, खाजण आणि खडक. 1668 साली इंग्लंडच्या राजाने ही बेटे ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, यावरून त्यांची तेव्हाची किंमत कळते. समुद्र आत शिरत होता ती वरळीची खिंड अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून बुजवली, तेव्हा कुठे मधला सखल भाग हळूहळू कोरडा होऊ लागला. तरीही पाठीमागे सह्याद्रीची भिंत उभीच होती. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरत असे, वाटेत भिजत असे, माती खात असे. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे आपण शाळेत शिकतो. मुंबईचे नशीब मात्र 1863 साली भोर घाटातून रेल्वे वर चढली तेव्हा उघडले. त्या दिवसापासून बंदराच्या मागे अख्खे दख्खन उभे राहिले. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद पडल्याचे तेच दिवस होते. मुंबईत पैशाचा पूर आला, 1865 साली तो ओसरला, बँका बुडाल्या. सुवेझ कालवा 1869 साली खुला झाला आणि युरोप आणखी जवळ आले.

1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली गिरणी काढण्याचे ठरवले. त्यामागोमाग गिरण्या परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी या पट्ट्यातच का उभ्या राहिल्या? जमीन सखल आणि स्वस्त होती. बेट इथे इतके अरुंद आहे, की दोन्ही रेल्वेमार्ग दादर-परळला हाताच्या अंतरावर येतात. आणि हवा दमट होती. कोरड्या हवेत सूत तुटते, समुद्राच्या दमट हवेत ते टिकते. मुंबईकर ज्या घामट हवेला नावे ठेवतो, तिने गिरणीमालकांना पैसा मिळवून दिला. पुढे वीज हवी झाली तेव्हा ती सह्याद्रीनेच दिली. लोणावळ्याच्या आसपासचे पावसाचे पाणी अडवून ते खोपोलीला खाली सोडायचे आणि त्यावर गिरण्या चालवायच्या, ही टाटांची योजना 1915 साली सुरू झाली. पुढचे धरण मुळशीला बांधायचे ठरले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्यासाठीच होता. सत्याग्रह मोडला आणि धरण झाले. परळमध्ये माग फिरत होते त्याची किंमत मावळाने मोजली होती.

पाण्याची कथा तीच, आणि ती अजून संपलेली नाही. विहार तलाव 1860 साली झाला, तानसाचे पाणी 1892 साली आले, मग वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. यातली बहुतेक धरणे शहापूरच्या परिसरात आहेत. आज 1 मे. आजच्या दिवशी शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात आणि त्यांच्याच शिवारातून जाणाऱ्या जलवाहिन्यांतून पाणी मुंबईच्या चाळिसाव्या मजल्यावर चढते. महाराष्ट्र दिनाच्या भाषणांत मुंबईचे योगदान सांगितले जाते. मुंबईला मिळालेले योगदान कुठल्या भाषणात मांडले जाते?

पण पाणी, वीज, बंदर, घाट हे सगळे असूनही एक गोष्ट नसेल तर काय होते, हे मुंबईने 1896-97 साली पाहिले आहे. मांडवीत प्लेग निघाला आणि काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले. यंत्रे होती, कापूस होता, गिऱ्हाईक होते. हात नव्हते. कामगार मिळवण्यासाठी गिरण्यांना रोजच्या रोज रोख मजुरी द्यावी लागली, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून एकमेकांवर चढाओढ करावी लागली. त्या हिवाळ्यात गिरणीमालकांना आणि सरकारला एक गोष्ट कळली, की कामगाराचे घर ही धंद्याची गरज आहे, दयेचा प्रश्न नाही. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो त्यातून. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याची देणगी. 1920च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला सरकारनेच 207 बीडीडी चाळी बांधल्या. खोल्या 160 चौरस फुटांच्या, शौचालये सामाईक, भिंती जाड. उदार धोरण म्हणावे असे त्यात फारसे नव्हते. पण कामगार कामाच्या जवळ राहिला पाहिजे, हे परक्या सरकारलाही मान्य करावे लागले.

आणि कामगार राहत कसा होता? गावकरी मंडळाची खोली ही गिरणगावाने घडवलेली संस्था आहे, तिचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. एका गावच्या मंडळींनी मिळून दहा बाय बाराची खोली भाड्याने घ्यायची. भिंतीला खुंट्या, खाली ओळीने पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. सभासद वीस, पंचवीस, कधी त्याहून जास्त. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकणार. पावसाळा नसला की गॅलरी, जिना आणि फुटपाथ ही खोलीचीच वाढीव जागा. वर्गणीची वही एकाकडे, किल्ली खिळ्याला. नोकरी सुटली, आजारपण आले, तर गावचा माणूस खोलीतून बाहेर काढला जात नसे. गावातून नवा पोरगा आला की तो थेट याच खोलीवर उतरे आणि गिरणीत माणसे भरणाऱ्या जॉबरकडे त्याची शिफारस याच खोलीतून जाई. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा कुणा कामगाराचीच बायको किंवा विधवा. पगार महिन्याने, त्यामुळे जेवण उधारीवर, आणि त्या उधारीसाठी तिने सावकाराचे व्याज भरायचे. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे या बायकांपर्यंत नेली, तेव्हा गिरणगावाच्या पोटामागे केवढी मोठी अर्थव्यवस्था होती हे बाहेरच्यांना पहिल्यांदा दिसले.

या व्यवस्थेतली मेख अशी, की मुंबईला कामगार तयार मिळत होता. त्याचे बालपण कोकणाने किंवा साताऱ्या-कोल्हापूरच्या डोंगराळ भागाने सोसले. बाळंतपणे गावी झाली, मुले गावी वाढली, आजारी पडल्यावर तो गावी गेला आणि म्हातारा झाल्यावर कायमचा गेला. शहराने फक्त त्याची उमेदीची वर्षे घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत राहणाऱ्या दर पाच माणसांतली चार बाहेर जन्मलेली होती, आणि बाहेरच्या जिल्ह्यांत रत्नागिरीचा वाटा सर्वांत मोठा होता. कोकणच्या भाताच्या तुकड्यावर सगळे घर भागत नव्हते म्हणून मुंबईला स्वस्त हात मिळाले, आणि मुंबईचा पगार एवढा तुटपुंजा होता की गावचा तुकडा सोडता येत नव्हता. या शहराच्या श्रीमंतीत कोकणच्या बायकांनी एकट्यांनी केलेली शेती मिसळलेली आहे. कोणत्याही गिरणीच्या ताळेबंदात ती कधी आली नाही.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाच्या बऱ्यावाईटाची चर्चा चाळीस वर्षे झाली आहे, इथे ती पुन्हा नको. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो संपानंतरचा भाग, कारण गिरणगाव खऱ्या अर्थाने तिथे हरले. सूत आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, गुजरातेत गेले. मुंबईत उरली ती जमीन. अठ्ठावन्न गिरण्या आणि सुमारे 600 एकर, तीही बेटाच्या ऐन मध्यावर. समुद्र हटवून आणि दलदल भरून मिळवलेली, दोन रेल्वेमार्गांच्या मधली. एवढी सलग संधी या शहराला पुन्हा मिळणार नव्हती. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीने ती ओळखली होती. गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला उद्याने-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 साली सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून चौक, रस्ते, घरे यांचा आराखडाही दिला.

मग 2001 साली नियमातले काही शब्द बदलले. तृतीयांश वाटा पूर्ण जमिनीचा राहिला नाही, गिरणीच्या आवारात बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचा झाला. गिरणी म्हणजे शेड, गोदामे आणि चिमणी. मोकळी जमीन असणार किती? ज्यांना हा बदल हवा होता त्यांना त्याचे उत्तर पक्के ठाऊक होते. पर्यावरणवाद्यांनी न्यायालयात धाव घेतली, 2005 साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांना यश आले, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम वैध ठरवला. तिथे गिरणगावाच्या पुढच्या शंभर वर्षांचा निकाल लागला. इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचे स्मारक उभे राहत आहे, काळाचौकीला वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम निघाले आहे, काही गिरण्यांच्या जागी कामगारांसाठी इमारतीही झाल्या. याव्यतिरिक्त जे झाले ते मॉल, कार्यालये आणि उत्तुंग मनोरे.

आता परळच्या त्या पुलापाशी थोडे थांबू. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी पावसात परळ आणि तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 जणांचा जीव गेला. अफवा, पाऊस, अरुंद जिना, रेल्वेची बेफिकिरी, ही कारणे तेव्हा सांगितली गेली आणि ती खरीच होती. पण त्यांच्या मुळाशी एक कारण आहे, ते लोकसंख्येच्या भूगोलाचे आहे. परळ आणि एल्फिन्स्टन ही स्थानके ज्या वस्तीसाठी झाली, तिला कामावर जायला गाडी लागतच नव्हती. भोंगा झाला की कामगार चाळीतून उतरून पायी गिरणीत जात असे. परळ-लालबागमध्ये तेव्हाही लाखो माणसे काम करत होती, पण ती तिथेच राहत होती. गिरण्या गेल्या, त्याच आवारांत कार्यालये आली. म्हणजे काम बेटावरच राहिले. घरे मात्र कल्याण, बदलापूर, विरार, पनवेलला गेली. पूर्वी कापूस लांबून येई आणि कामगार चालत येई. आता काम संगणकावर होते, त्याला वाहतूक लागत नाही, आणि माणूस साठ किलोमीटर उभा राहून येतो. जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी देणाऱ्या एकाही कागदावर, या आवारात रोज किती माणसे कुठून येतील आणि कोणत्या जिन्यावरून उतरतील, हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला नाही. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घेतला, तो 2018च्या फेब्रुवारीत खुला झाला. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नावही प्रभादेवी झाले. घर आणि काम यांतले अंतर मात्र वाढतेच आहे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसे पडून मेली, ती याच अंतराने मारली.

बेटाची लोकसंख्या घटते आहे म्हणून शहर बुडते आहे, असे आम्ही म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर 1910 साली 23 लाखांहून अधिक लोक राहत होते, 2020 साली 17 लाखांच्या आत. ते बेट गरीब झाले नाही. तिथे 1904 पासून भुयारी रेल्वे होती आणि ती रात्रंदिवस चालते, म्हणून लोक बाहेर पसरले तरी शहराची वीण टिकली. तरीही आज तिथला शिक्षक, परिचारिका आणि अग्निशमन जवान बेटावर घर परवडत नाही म्हणून हवालदिल आहे आणि तिथल्या निवडणुका घरभाड्याच्या प्रश्नावर लढल्या जातात. विरळ होणे हा दोष नव्हे. दहा बाय बारात पंचवीस माणसे राहावीत, असे कुणीच म्हणणार नाही. कोण गेले आणि कोण राहिले, कोण आपल्या मर्जीने गेले आणि कोणाला जावे लागले, हा खरा प्रश्न आहे. गिरगावातल्या खेतवाडी-मुगभाटातून बोरिवली-डोंबिवलीला मोठ्या जागेसाठी गेलेली मंडळी आणि संपानंतर खोली विकून गावी परतलेला कामगार, हे जनगणनेत सारखेच दिसतात. त्यांची दुःखे सारखी नाहीत.

शहराच्या आर्थिक भवितव्याशी याचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी परळला केईएमच्या दारात एक संध्याकाळ उभे राहावे. 1926 पासूनचे हे रुग्णालय, शेजारी वाडिया, पलीकडे 1941 पासूनचे टाटा स्मारक. जळगाव, बीड, सिंधुदुर्ग, शिवाय बिहार-बंगालपासूनचा रोगी इथे येतो, आणि नातेवाईक फुटपाथवर किंवा दादरला गाडगेमहाराज धर्मशाळेत आसरा शोधतात. गिरण्यांनंतर परळचा सर्वांत मोठा उद्योग कोणता असेल, तर तो माणसे बरी करण्याचा. रात्रपाळी संपवून निघालेली परिचारिका टिटवाळ्याची गाडी पकडते. वॉर्डबॉय नालासोपाऱ्याचा. लोकल बंद पडली की पाळी बदलत नाही, आधीच्याच पाळीला थांबावे लागते. 26 जुलै 2005च्या महापुरात हे आपण पाहिले, करोनाच्या महिन्यांत पाहिले, आणि दर पावसाळ्यात एकदा तरी पाहतो. ज्या शहराला चालवणारी माणसे शहराबाहेर राहतात, ते शहर एका रात्रीच्या पावसाने बंद पाडता येते. गुंतवणूकदाराला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर हा धंद्यातला धोका आहे, आणि तो आपण स्वतः तयार केला आहे.

अजून सगळे गेलेले नाही. मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत जाऊन पाहा. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांचे ढीग, खोकत-शिंकत मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायका, आणि मसाला कुटून घ्यायला पिशव्या धरून रांगेत उभ्या असलेल्या गृहिणी. यांतल्या कितीतरी आता विरारला, बदलापूरला, पनवेलला राहतात. वर्षाचा मसाला मात्र लालबागचाच. तिथला बाजारही सहज मिळालेला नाही. पेरू चाळीचा बाजार 1932 साली बंद झाला, तेव्हा कोळी आणि किरकोळ विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी गणपतीला नवस केला, जागा मिळाली आणि 1934 साली लालबागच्या राजाची स्थापना झाली. दहा दिवस देशभरातून माणसे ज्याच्या दर्शनाला येतात, त्या गणपतीच्या मुळाशी पोटापाण्याच्या जागेची मागणी आहे, हे लक्षात ठेवावे. दादरचा फुलबाजार, भाजीबाजार, गिरगावातले छापखाने आणि खाणावळी, हेही दाट वस्तीच्या आधाराने उभे राहिलेले धंदे आहेत. वस्ती गेली की त्यांचे भाडे निघत नाही.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना ती मिळाली, तीही त्याच जागी. ही या शहराच्या अलीकडच्या इतिहासातली चांगली बातमी आहे. भुयारी मेट्रो आता गिरगाव, वरळी, दादर जोडत कफ परेडपासून आरेपर्यंत धावते. पण गिरणी कामगारांच्या घरांसाठी आलेले अर्ज सुमारे पावणेदोन लाख, आणि त्यांतल्या बहुसंख्यांसाठी सरकारकडे उत्तर आहे ते शेलू आणि वांगणीचे. बदलापूरच्याही पुढची, कर्जतच्या वाटेवरची ही स्थानके. जुलै 2025 मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले ते, आम्हाला मुंबईतच घर द्या, हे सांगायला. त्यात भावनेचा भाग आहेच. पण ज्यांच्या आजोबांनी दलदलीवरच्या शेडमध्ये उभे राहून या जमिनीला किंमत आणली, त्यांनी त्या जमिनीवरचा वाटा मागणे हा साधा न्याय आहे.

गिरण्यांच्या जमिनीची संधी गेली. पूर्व किनाऱ्यावर अजून एक शिल्लक आहे, बेटावरची शेवटची. 1989 साली खाडीपलीकडे न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि मुंबई बंदराची कंटेनरची वाहतूक तिकडे गेली. निसर्गाने मुंबईला दिलेली ती एकमेव देणगी आता रायगडच्या किनाऱ्यावरून वापरली जाते. त्यामुळे माझगाव, रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा या पट्ट्यातल्या बंदराच्या जमिनीवरची कितीतरी गोदामे ओस पडत चालली आहेत. ही जमीन गिरण्यांच्या जमिनीच्या तिपटीच्या घरात आहे, सार्वजनिक मालकीची आहे, हार्बर मार्गाला लागून आहे आणि परळ-लालबागपासून चालत जाता येईल इतकी जवळ आहे. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू शिवडीला येऊन उतरला आणि या जमिनीचा भाव एका दिवसात बदलला. मरीना, प्रेक्षागृहे, पर्यटन, उद्याने यांची चित्रे वेळोवेळी प्रसिद्ध होतात. केईएमची परिचारिका, दादरचा फुलवाला, बेस्टचा चालक त्या चित्रांत कुठे राहतो, ते दाखवलेले नसते.

बेटावर सुमारे तेरा हजार जुन्या उपकरप्राप्त इमारती आहेत, त्यांतल्या कितीतरी टेकूंवर उभ्या आहेत. त्यांतल्या रहिवाशांना पुनर्विकासाच्या काळात शहराबाहेर न घालवता तात्पुरते ठेवायचे, तरी जागा लागणार, ती बंदराच्या या जमिनीवरच मिळेल. कामगारांच्या वारसांना शहरातच घर द्यायचे, तरी जागा इथेच आहे. जमीन केंद्राच्या ताब्यात आहे आणि नियोजनाचे अधिकार वेगवेगळ्या यंत्रणांत विभागलेले आहेत, ही सबब ऐकून घ्यायची आता वेळ नाही. 1956 साली याच शहराने केंद्राचा निर्णय फिरवून दाखवला आहे.

म्हणून या महाराष्ट्र दिनी राज्य सरकारकडे, मुंबईच्या खासदार-आमदारांकडे आणि महापालिकेकडे आमची मागणी एकच आहे. पूर्व किनाऱ्याच्या अंतिम आराखड्यावर सही होण्याआधी त्यातला एक तृतीयांश भाग, भाड्याच्या आणि मालकीच्या अशा दोन्ही प्रकारच्या, काम करणाऱ्या माणसाच्या पगारात बसतील अशा घरांसाठी कायद्याने राखून ठेवावा. आणि तो मोकळ्या जमिनीचा नव्हे, एकूण जमिनीचा तृतीयांश, असे त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावे.